अबोला आणि मुकेपणा : वर्गातील शांततेचा अन्वयार्थ

शाळेच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. ती कोणाला उद्देशून लिहिलेली असते, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मला कोठे आढळला नाही. वर्ग शांत आहे म्हणजे शिक्षकाचा वचक आहे, आणि वचक आहे म्हणजे शिक्षण चालू आहे, असा हिशेब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. साहेब तपासणीला येतात, दारातून डोकावतात, वर्ग चिडीचूप पाहून समाधानाचा शेरा लिहितात आणि पुढच्या शाळेकडे निघतात. त्या चिडीचूप वर्गात कोण कशामुळे गप्प होता, याची नोंद शेरेबुकात होत नाही.

मराठी समीक्षेचेही असेच आहे. मौनाला आपल्या समीक्षेने फार मोठे आसन दिले. जे सांगितले नाही तेच खरे वाङ्मय, दोन शब्दांमधली मोकळी जागा हाच कवितेचा प्राण, अशी वाक्ये आम्ही एम. ए.च्या वर्गात उतरवून घेतली आणि परीक्षेत लिहून मार्क मिळवले. पुढे याच मापाने दलित साहित्य मोजले गेले, तेव्हा ते आक्रस्ताळे, प्रचारकी आणि संयमहीन ठरले. वर्गात गप्प बसणारा दलित विद्यार्थी मठ्ठ ठरतो आणि पुस्तकातून बोलणारा दलित लेखक कर्कश ठरतो. दोन्हीकडे माप घेणारा हात एकच आहे. या दोन निर्णयांचा परस्परसंबंध मला येथे तपासावयाचा आहे.

मराठी भाषा या बाबतीत मराठी समीक्षेपेक्षा शहाणी आहे. न बोलण्याच्या अवस्थांना तिने वेगवेगळी नावे दिली आहेत. मौन पाळतात. ते स्वेच्छेने असते; मौनव्रत घेणाऱ्याला ते उद्या सोडताही येते. ज्याच्या बोलण्याला समाजात किंमत आहे त्याच्याच न बोलण्याला मौन म्हणतात. गावकुसाबाहेरचा माणूस पाटलाच्या वाड्यासमोर खाली मान घालून उभा राहिला, तर त्याने ‘मौन पाळले’ असे कोणी म्हणणार नाही. मुकेपणा निसर्गाने दिलेला असतो असे आपण समजतो, परंतु व्यवस्था तो लादूही शकते. आणि अबोला? अबोला धरतात, आणि तो कोणाशी तरी धरतात. एकट्याने अबोला धरता येत नाही. घरात सून अबोला धरते, भाऊ भावाशी धरतो. बोलण्यासारखे पुष्कळ असते, पण समोरचा माणूस त्या बोलण्याला पात्र उरलेला नसतो. शिवाय आपला अबोला त्याला कळावा, अशी त्यात अपेक्षाही असते. न बोलण्याचा आणखी एक प्रकार आपल्या बोलीत आहे, तो म्हणजे अळीमिळी गुपचिळी. हा सामुदायिक आहे. सर्वांना ठाऊक असते, सर्वांच्या सोयीचे असते, म्हणून सर्वच जण तोंडात गुळणी धरून बसतात.

दलित विद्यार्थ्याच्या शांततेला आपण, म्हणजे शिक्षक आणि समीक्षक, सरसकट मुकेपणा समजत आलो. तिच्यातला अबोला आपण ओळखला नाही. आणि त्याच वर्गात चाललेली अळीमिळी गुपचिळी तर आपल्या लक्षातच आली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे. पण ते मला फार उशिरा कळले, आणि माझ्याच चुकीतून कळले.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक सुरू केले आणि त्याला ‘मूकनायक’ हे नाव दिले. मुक्यांचा मुकेपणा त्यांनी स्वाभाविक मानला असता तर पाक्षिक काढलेच नसते. तो कसा घडवला जातो हे त्यांनी बालपणीच अंगावर घेतले होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणी त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या पुस्तिकारूपाने काढल्या. त्यांत शाळेतील तहानेची हकिकत आहे. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसायचे. बसायचे गोणपाट रोज घरून आणायचे आणि परत न्यायचे, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकर त्याला हात लावीत नसे. इतर मुलांना तहान लागली की मास्तरांची परवानगी पुरे. त्यांनी नळावर जावे आणि प्यावे. या मुलाला परवानगी पुरत नसे. नळ सोडायला शिपाई लागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

या हकिकतीकडे आपण पाण्याच्या अंगाने पाहतो, ते योग्यच आहे. मला तिच्यातली बोलण्याची बाजू दिसते. शिपाई नाही हे ज्या मुलाला दिसते आहे, तो मुलगा पाणी मागेल कशाला? ‘या मुलाने आज काही मागितले नाही’ अशी नोंद त्या वर्गात कोणी केली असती, तर ती अक्षरशः खरी ठरली असती. मागून मिळणार नाही हे शिकणे, हाच त्या वर्गातला पहिला धडा होता. पुढे मुंबईच्या हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचे होते. तेही नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली.

ज्या भाषेने बाबासाहेबांना दार लावले त्याच भाषेच्या प्राध्यापक झालेल्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) या संदर्भात मला महत्त्वाचे वाटते. त्यात गोखले गुरुजी आहेत. बाहेरून पाहता जुन्या वळणाचे ब्राह्मण, परंतु या मुलीला त्यांनी आडपडदा न ठेवता संस्कृत शिकवले. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या लेखनात असे गुरुजी आले की काही मित्रांना अडचण होते. मला होत नाही. पण त्याच लेखिकेने पुढे जे लिहिले आहे, ते आपले प्राध्यापक वर्गात वाचून दाखवीत नाहीत. नोकरी मिळाली ती लग्नानंतर ‘सोमकुवर’ जाऊन ‘पावडे’ हे आडनाव आल्यावर. म्हणजे संस्कृत तेच, बोलणारी तीच, उच्चार तेच. ऐकणाऱ्याचे कान मात्र आडनावाने उघडले.

ओमप्रकाश वाल्मीकि यांचे ‘जूठन’ (१९९७) हिंदी आहे, पण ते आपल्याला परके नाही. महाराष्ट्रातील नोकरीच्या काळात त्यांचा मराठी दलित साहित्याशी जवळून परिचय झाला होता. त्यात एक वर्ग आहे. शिक्षक द्रोणाचार्यांच्या दारिद्र्याची कथा सांगत आहेत. अश्वत्थाम्याला दूध मिळत नाही, म्हणून पाण्यात पीठ कालवून त्याला दूध म्हणून पाजले. सांगताना शिक्षक गहिवरतात आणि वर्गही गहिवरून स्तब्ध होतो. तेव्हा एक मुलगा उभा राहतो आणि विचारतो, अश्वत्थाम्याला निदान पिठाचे पाणी मिळाले, आम्हाला तर भाताच्या पेजेवर वाढवले. मग आमचे नाव कोणत्याच महाकाव्यात कसे नाही? या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याच्या पाठीवर छडी बसते. शिक्षकाने पाठीवर उमटवलेल्या त्या वळांनाच लेखक महाकाव्य म्हणतो.

या प्रसंगावर करुणा, अन्याय, विद्रोह असे शब्द वापरून पुष्कळ लिहिता येते. मला त्यातल्या दोन शांतता वेगळ्या करून पाहाव्याशा वाटतात. पहिली कथा ऐकताना पसरलेली. दुसरी छडीनंतर पसरलेली. पहिल्या शांततेसाठी आपल्या काव्यशास्त्राकडे करुण रस आहे, सहृदय आहे, तादात्म्य आहे. दुसरीसाठी त्याच्याकडे एकही संज्ञा नाही. आणि हेही लक्षात घ्यावे की तो मुलगा पहिल्या शांततेचा भंग करीत नव्हता. तो तिच्यातला खरा सहृदय होता. कथा त्याला सर्वांपेक्षा अधिक कळली होती, म्हणून तर प्रश्न सुचला. त्या दिवसानंतर तो वर्गात गप्प बसला असेल, तर त्या गप्प बसण्याला मुकेपणा म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

पाउलो फ्रेअरी या ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञाने दडपलेल्यांच्या ‘मौनाच्या संस्कृती’ची चर्चा केली. १९७० मध्ये त्याचा ग्रंथ इंग्रजीत आला आणि आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी शिबिरांतून तो पुष्कळ वाचला. शिक्षक भांडे भरतो आणि विद्यार्थी भरून घेतो, ही त्याची टीका आपल्या शाळांना चपखल लागू पडते. पण त्याच्या विवेचनाचा भर दडपलेल्याच्या आवाज हरवण्यावर आहे. आवाज शाबूत असून तो न देणाऱ्या माणसाविषयी त्यातून फार काही हाती लागत नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला नायक जातीविषयी गप्प राहतो. त्याला जातीविषयी बोलता येत नाही असे कोण म्हणेल? तो त्या विषयावर फार चांगले बोलू शकतो. ज्यांच्यात राहायचे त्यांना तो ते देत नाही, इतकेच.

जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जी मागणी केली तिच्यात प्राथमिक शाळांचे शिक्षक कष्टकरी शेतकरी वर्गातून यावेत, लोकांत मिसळणारे असावेत, हा मुद्दा होता. मी स्वतःला त्या मागणीचे फळ समजत होतो. आमच्यातला मास्तर खुर्चीवर बसला की वर्गाची जीभ सुटेल, असा माझा भाबडा समज होता.

मी शाळेत असताना वर्षातून एकदा कारकून वर्गात येई आणि मास्तरांच्या कानाला लागे. मग मास्तर मोठ्याने म्हणत, “बी. सी. सवलतवाले उभे राहा.” आम्ही उभे राहत असू. पाच जण. फॉर्म हातात पडेपर्यंत उभेच. उरलेले पन्नास जण बसून आमच्याकडे पाहत. त्यात कोणी वाईट बोलले असे मला आठवत नाही. कोणी काहीच बोलत नसे. एरवी वर्ग कधी इतका शांत नसे.

आणि मी काय केले? प्राध्यापक झाल्यावर, पुष्कळ वर्षांनी, एका तालुक्याच्या गावी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला दलित आत्मकथनातील एक उतारा शिकवीत होतो. पाणवठ्यावरचा प्रसंग होता. पुस्तकाचे नाव सांगत नाही, कारण असा प्रसंग आपल्या बहुतेक आत्मकथनांत आहे. वरून पाणी ओतणारी बाई, खाली धरलेली ओंजळ, आजूबाजूला उभे असलेले लोक. मी रंगून शिकवले. मग पुस्तक मिटले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाला नावाने हाक मारून म्हणालो, “तू सांग. तुमच्या वस्तीवर काय ऐकलंयस, आजीकडून, आईकडून. बोल मोकळेपणी.” त्याची वस्ती मला माहीत होती. त्याला उभे करण्यात माझा हेतू चांगला होता, असे मी अजूनही म्हणेन. त्या हेतूचा उपयोग काय, ते पुढे पाहू.

तो उभा राहिला आणि बोलला नाही. मी थोडा वेळ थांबलो, मग त्याला धीर दिला, मग लाजायचे कारण नाही असे सांगितले, मग बाबासाहेबांचे नाव घेतले. तो खिडकीकडे पाहत उभा. तास संपला. स्टाफरूममध्ये मी एका सहकाऱ्याला म्हणालोसुद्धा की अजून यांच्या मनातली भीती जात नाही.

दोन दिवसांनी तो ग्रंथालयाच्या पायरीवर भेटला. स्वतःहून जवळ आला आणि म्हणाला, “सर, त्या धड्यात पाणी ओतणारी बाई होती आणि बघणारे लोक होते. त्यांच्या घरची पोरं पुढच्या बाकावर बसलीत. तुम्ही त्यांना का नाही विचारलं? आमच्या आजीला फक्त खालनं दिसायचं. वरनं काय दिसायचं ते त्यांच्या आज्ज्यांना ठाऊक.”

एवढे बोलून तो निघून गेला. मला तेव्हा काही सुचले नाही. त्याचे खिडकीकडे पाहणे हा माझ्याशी धरलेला अबोला होता, हे त्या पायरीवर मला कळले. मी, बी. सी. सवलतवाल्यांत उभा राहिलेला माणूस, त्याला पुन्हा उभे करून आलो होतो. फॉर्मऐवजी माझ्या हातात दलित साहित्य होते, एवढाच फरक. दलित आत्मकथन अभ्यासक्रमात आले ही आपल्या चळवळीची कमाई आहे, याबद्दल वाद नाही. पण ते शिकवण्याची जी रीत रूढ झाली आहे तिच्यात दलित विद्यार्थी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असतो आणि बाकीचे प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर. त्याने दुःख सांगायचे, त्यांनी हळहळायचे. मार्क मात्र दोघांना सारखेच.

पुढच्या तासाला मी तोच उतारा पुन्हा काढला आणि वर्गाला विचारले, “पाणी ओतणाऱ्या बाईच्या घरी त्या दिवशी काय बोलणे झाले असेल?” आणि गप्प राहिलो. इतकी वर्षे शिकवून एवढे अवघड काम मी कधी केले नव्हते. पुढच्या बाकांवरची मुले एकमेकांकडे पाहू लागली. कोणी पेनाचे टोपण काढले, कोणी लावले. अळीमिळी गुपचिळी मी प्रथमच समोरून पाहत होतो. तोवर तिला मी लक्षपूर्वक ऐकणे समजत होतो. बऱ्याच वेळाने एक मुलगी, मान वर न करता, म्हणाली, “आमच्याकडे कपबशी वेगळी असते. अजून आहे. गोठ्यात, कोनाड्यात.” आणि इथे मी घाण केली. मला इतका आनंद झाला की मी लगेच खडू उचलला आणि अस्पृश्यतेच्या अवशिष्ट रूपांवर बोलू लागलो. संविधानाचे सतरावे कलम सांगितले. मुलीने वही उघडली, इतरांनीही उघडली आणि सगळे लिहून घेऊ लागले. ती कपबशी पुन्हा कोनाड्यात गेली. ती मुलगी वर्षभर पुन्हा बोलली नाही.

शिक्षकाच्या या घाईचे मोजमाप झालेले आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचे ध्वनिमुद्रण करून पाहिले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असे तिला दिसले. उत्तर आले नाही की प्रश्न पुन्हा, नाही तर दुसऱ्याला, नाही तर स्वतःच उत्तर. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले तर उत्तरे लांबतात, न विचारताही मुले बोलू लागतात, आणि ज्यांच्याकडून शिक्षकांना आशा नव्हती तीही बोलतात. मला या संशोधनातला आणखी एक निष्कर्ष विसरता येत नाही. शिक्षक ज्यांना हुशार समजतात त्यांच्यासाठी अधिक वेळ थांबतात आणि ज्यांना कच्चे समजतात त्यांच्यासाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ हवा त्यालाच तो मिळत नाही, आणि मग त्याला काही येत नव्हते असे सिद्धही होते. तेथे जात नव्हती. आपल्या वर्गांत आडनावावरून कोणासाठी किती थांबले जाते, हे कोणी घड्याळ लावून पाहावे. विद्यार्थी मित्रांनी हे काम अंगावर घेतले तर त्याला अनुदान लागणार नाही.

शिक्षकाने गप्प राहावे असे मी म्हणतो, तेव्हा काही जणांना गुरूच्या मौनाची परंपरा आठवेल. वटवृक्षाखाली बसलेला मौनी गुरू आणि न विचारताच संशय फिटलेले शिष्य, हे चित्र आपल्या सांस्कृतिक परंपरेत फार पूज्य आहे. मला ते मान्य नाही. त्या मौनाला कोणी जाब विचारू शकत नाही. त्याच परंपरेत गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारते, तेव्हा तिला फार विचारू नकोस, डोके गळून पडेल, अशी ताकीद मिळते. गार्गी पुढे पुन्हा उभी राहते हे खरे, पण ताकीद ती ताकीदच.

बुद्धांचे मौन वेगळ्या जातीचे आहे, आणि जात हा शब्द मी येथे जपून वापरतो. संयुत्त निकायात वच्छगोत्त येतो आणि विचारतो, आत्मा आहे काय? बुद्ध गप्प. मग आत्मा नाही काय? बुद्ध गप्प. वच्छगोत्त उठून जातो. येथे कथा संपली असती तर ती मौनी गुरूचीच कथा झाली असती. पण आनंद विचारतो, भगवंतांनी उत्तर का दिले नाही? आणि बुद्ध कारण सांगतात. कोणतेही उत्तर दिले असते तरी वच्छगोत्ताचा गोंधळच वाढला असता. आपल्या गप्प राहण्याचा हिशेब शिष्याला देणारा हा शिक्षक आहे. प्रश्नांचे चार प्रकारही त्यांनी सांगितले. काहींना सरळ उत्तर द्यावे, काहींचे विभाजन करून द्यावे, काहींना प्रतिप्रश्न करावा, आणि काही ठपनीय, म्हणजे बाजूला ठेवावेत. मी माझ्या विद्यार्थ्याला विचारलेला प्रश्न ठपनीय होता. त्याने तो बाजूला ठेवला. बौद्ध मी म्हणवतो, वागला तो.

आता समीक्षेकडे परत येतो. आपल्या आत्मकथनांवरील लेखांत ‘मुक्यांना वाचा फुटली’ हे वाक्य इतक्यांदा आले आहे की ते आता मथळ्याच्या खिळ्यासारखे झाले आहे. मीही ते लिहिले आहे. मांग समाजातील मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतील मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. म्हणजे वाचा फुटून पावणेदोनशे वर्षे होत आली. त्यानंतरही प्रत्येक नव्या आत्मकथनाला आपण पहिल्यांदाच बोलणाऱ्या मुक्याचे कौतुक देत असू, तर कोणाचे काय बिघडले आहे, जिभेचे की कानाचे? दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कथा दया पवारांना सांगतो. ही रचना आत्मविभाजनाची म्हणून आपण शिकवतो. ऐकणारा विश्वासाचा मिळेना म्हणून लेखकाला स्वतःलाच श्रोता व्हावे लागले, असेही ती वाचता येईल. त्या अर्थाने ते पुस्तक मराठी वाचकाशी धरलेल्या अबोल्यातून लिहिले गेले आहे, असे माझे मत आहे. कोणी ते खोडून काढल्यास मला आनंद होईल.

गेल्या काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेसाठी माझ्याकडून प्रश्न मागवले होते. त्या उताऱ्यावर नेहमीचा प्रश्न असतो, दलितांच्या वेदनेचे चित्रण स्पष्ट करा. मी त्याऐवजी लिहून पाठवले, ‘या प्रसंगी पाणवठ्यावर उभे असलेले इतर लोक काय करीत होते आणि ते का बोलले नाहीत, याचे विवेचन करा.’ प्रश्न परत आला. समासात शिसपेन्सिलीने शेरा होता की याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही.